चांदीचा केस

नांदुऱ्याच्या एका हायस्कुलात कोकिळा चोपडे नावाच्या बाई विज्ञान शिकवायच्या. अंगानं काटकुळ्या, आवाज बारीक, पण वर्गात शिरल्या की पोरी बाकावर ताठ बसत. गावाला त्यांच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं की बाई नागपूरला मोठं शिक्षण घ्यायला गेल्या होत्या आणि अर्ध्यावर परत आल्या. का परत आल्या, ते कुणी विचारलं तर बाई म्हणायच्या, "तब्येत बरी नव्हती." तब्येत ठणठणीत होती. बाईंच्या पोटात एका माणसाबद्दलचा राग होता, आणि तो त्यांनी पाच वर्षं कुणाला दिसू दिला नव्हता.

कोकिळाचे वडील पुंजाजी चोपडे कापसाच्या प्रेस फॅक्टरीत फिटर होते. लहानपणी ती त्यांचा डबा घेऊन गोदामात जायची. छताला टेकतील अशा रुईच्या गाठी एकावर एक रचलेल्या असत आणि मधल्या फटींतून उंदीर सुळसुळ पळत. गाठी जागच्या हलत नसत, उंदीर मात्र या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बिनधास्त जात. पुढे नागपूरला एम.एस्सी. करताना सिल्व्हर आयोडाइडच्या स्फटिकाबद्दल शिकवलं, तेव्हा सगळ्या वर्गात तिला एकटीला ते चटकन समजलं. आयोडीनचे मोठे आयन गाठींसारखे ओळीनं रचलेले, आणि विजेचा भार घेतलेले चांदीचे छोटे आयन त्यांच्या फटींतून सरकणारे. पदार्थ दगडासारखा घट्ट, तरी त्याच्या पोटातून चांदी चालते. एकशे सत्तेचाळीस अंशांपर्यंत तापवलं की आयोडीनची रचनाच बदलते, फटी मोकळ्या होतात आणि चांदी पाण्यासारखी वाहू लागते. थंड झालं की पुन्हा वाटा बंद.

"मग थंड असतानाच त्या वाटा उघड्या ठेवता आल्या तर?" हा प्रश्न तिनं चौसष्ट साली डॉ. खरवंडीकरांना विचारला. नागपुरातल्या एका संशोधन संस्थेत ते विभागप्रमुख होते. गोरेपान, इस्त्रीच्या कपड्यातले, बोलणं छापील. त्यांनी तिला विद्यार्थिनी म्हणून घेतलं.

दोन वर्षं ती सिल्व्हर आयोडाइडमध्ये दुसऱ्या क्षारांची थोडी थोडी भेसळ करून, ती भुकटी पोलादी साच्यात दाबून चकत्या करत राहिली. तो साचा पुंजाजींनी स्वतः लेथवर कातून दिला होता. चकती चांदीच्या दोन पत्र्यांमध्ये धरायची, बॅटरी जोडायची आणि मीटरचा काटा हलतो का बघायचं. काटा हलत नव्हता. शेकडो चकत्या झाल्या. एकदा तिला हिवताप भरला आणि दोन चकत्या चार दिवस तशाच बॅटरीला जोडलेल्या राहिल्या. परत येऊन बघते तर दोन्ही मीटरचे काटे भसकन वर गेलेले! नेहमीपेक्षा हजारो पट वीज, आणि तीही साध्या हवेत, भट्टी न पेटवता.

ती धावतच खरवंडीकरांकडे गेली. "सर, मले सापडलं!"

"मला," ते म्हणाले. "मले नाही, मला. बरं, वही ठेवून जा. आणि कुणाजवळ बोलू नका."

वही त्यांनी ठेवून घेतली. एक चकतीही ठेवून घेतली. दुसरी तिच्या कंपासपेटीत राहून गेली. पाच महिन्यांनी परदेशी नियतकालिकात लेख आला. तिचे आकडे, तिच्या हातचा आलेख, आणि वर नाव एकच, डॉ. खरवंडीकरांचं. शेवटी आभाराच्या ओळीत संस्थेच्या कारकुनाचं नाव होतं, तिचं नव्हतं.

तिनं विचारलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "रीडिंग घेणं म्हणजे संशोधन नव्हे, चोपडे. तुमच्या त्या वऱ्हाडी तोंडानं परिषदेत बोललात तर लोक हसतील. मी तुमची लाज वाचवली असं समजा."

आठ दिवसांनी कागद आला. प्रयोगशाळेत हलगर्जीपणा केल्याबद्दल नाव कमी.

नांदुऱ्याच्या स्टेशनवर उतरली तेव्हा आई, मनकर्णाबाई, घ्यायला आली होती. पोरीचा चेहरा बघून म्हणाली, "काऊन व, काय झालं?"

"काही नाही, माय. ज्यानं हे केलं त्याले मी सोडनार नाही."

माय घाबरली. पोरगी रडली असती तर तिला बरं वाटलं असतं. पण पोरगी रडत नव्हती.

शाळेत नोकरी लागल्यावर कोकिळाचा पहिला विचार साधा होता. दुसरी चकती तिच्याकडे होती. तिच्यावर पूर्ण प्रयोग करायचा, आकडे त्या नियतकालिकाला पाठवायचे आणि शोध आपला आहे हे सिद्ध करायचं. खरवंडीकरांनी एक चाचणी केलीच नव्हती. चकतीतून खरोखर चांदीचे आयन चालत असतील, तर एका बाजूच्या पत्र्यातली चांदी कमी होऊन दुसऱ्या बाजूला तेवढीच जमा व्हायला हवी. पत्रे आधी आणि नंतर तोलायचे, बस. शाळेत रसायनशास्त्राचा तराजू होता, एक मिलिग्रॅमही दाखवणारा. सदुसष्टच्या दिवाळीच्या सुट्टीत शाळा रिकामी असताना तिनं प्रयोग मांडला.

पत्र्यांचं वजन बदललं नाही.

तिला वाटलं, तोलताना चूक झाली. पुन्हा केला. तिसऱ्यांदा केला. वीज धो धो वाहत होती आणि चांदी जागची हलत नव्हती. मग ती चकती घेऊन स्टेशनरोडवर शकूरभाईंच्या दुकानात गेली. शकूरभाई घड्याळजी, पुंजाजींचे जुने दोस्त. डोळ्याला भिंग लावून दिवसभर बसलेले.

"चाचा, हे फोडून पाहा बरं. आत काही दिसते का?"

शकूरभाईंनी चिमट्यात धरून चकती मधोमध मोडली. बराच वेळ बघत राहिले. "बेटा, याच्यात तर केस हाये. चांदीचा. या बाजूपासून त्या बाजूलोक. घड्याळातल्या बालकमानीपेक्षा बारीक."

कोकिळानं भिंग स्वतःच्या डोळ्याला लावलं. पिवळट भुकटीतून एक चमकता, वेडावाकडा तंतू आरपार गेला होता. एका क्षणात तिला सगळं कळलं. चार दिवस बॅटरी जोडलेली राहिली तेव्हा चांदी हळूहळू साठत साठत तिचा एक केस आत वाढला होता. वीज त्या केसातून जात होती, घराच्या तारेतून जाते तशी. आयन नाही, वाट नाही, काही नाही. शोध लागलाच नव्हता. जे चोरीला गेलं म्हणून ती वर्षभर जळत होती, ते मुळात खोटं नाणं होतं.

ती दुकानाच्या पायरीवर बसली. शकूरभाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. आणि एकाएकी ती हसायला लागली, इतकी की रस्त्यावरचे टांगेवाले वळून बघायला लागले.

"काय झालं, बेटा?"

"चाचा, चोरानं घरातून नाग उचलून नेला. त्याले वाटते दागिना हाये."

शकूरभाईंना तिनं सगळं सांगितलं. ते सरळ माणूस. म्हणाले, "मंग लिहून टाक न त्या पेपरवाल्यायले. आजच लिही."

"आज लिहिलं तर लोक म्हनतील, काढून टाकलेली पोरगी जळून बोलून राह्यली. आनि तो म्हनेल, चूक या पोरीचीच होती. नाही चाचा. त्याले अजून वर चढू द्या. त्या लेखावर अजून चार भाषणं देऊ द्या. तो लेख माहा हाये, असं त्यानं हजार लोकांसमोर म्हनलं पाहिजे. मंग पाहू."

शकूरभाई पुन्हा भिंग लावून घड्याळाकडे वळले. त्यांना ते पटलं नव्हतं.

कोकिळा थांबली. खरवंडीकर खरंच चढत गेले. त्याच सुमाराला परदेशात साध्या तापमानाला आयन वाहून नेणारे घन पदार्थ खरोखरीच सापडले होते, त्यामुळे यांच्या लेखावरही कुणाला संशय आला नाही. वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला. कोकिळानं तो कापून शिवणाच्या डब्यात ठेवला. दर सुट्टीत ती सरळ आगगाडीनं नागपूरला जाऊन ग्रंथालयात बसायची आणि त्यांनी नवीन काय छापलं ते वाचायची. एक गोष्ट तिच्या लक्षात आली. प्रत्येक लेखात, प्रत्येक भाषणाच्या वृत्तांतात तीच एक चकती होती. दुसरी तशी त्यांना करताच आली नव्हती. म्हणजे त्यांनाही आतून शंका होती, आणि तरी ते छातीठोक बोलत होते. हे कळल्यावर तिचा राग आणखी थंड आणि आणखी कडक झाला.

एकाहत्तरच्या मे महिन्यात बुलढाण्याला जिल्ह्यातल्या विज्ञान शिक्षकांचं दहा दिवसांचं शिबिर ठरलं. प्रमुख पाहुणे डॉ. खरवंडीकर, सप्रयोग व्याख्यान. परिपत्रक वाचून कोकिळानं त्याच दिवशी नाव दिलं.

वसतिगृहात तिच्या खोलीत शेगावची एक शिक्षिका होती, ताहेरा. तिच्याहून चार-पाच वर्षांनी लहान, हसरी, बोलकी. दुसऱ्याच संध्याकाळी चहा पिताना तिनं सहज सांगितलं, "मी पन रिसर्च करत होती, ताई. औरंगाबादले. तेच, सिल्व्हर आयोडाइड. खरवंडीकर साहेबांचा पेपर आहे न, तो प्रयोग पुन्हा करून पुढं न्यायचा, असं आमच्या सरांनी दिलं होतं. अडीच वर्ष केला. एकदाही जमला नाही. सर म्हनाले, तुझ्या हातात कसब नाही. शेवटी सोडून दिलं." ती हसली, पण कपात बघत राहिली. "उद्या साहेबांना विचारीन, माझं काय चुकत होतं."

कोकिळाच्या जिभेवर शब्द आला होता. तुझं काही चुकत नव्हतं, बाई. पण ताहेरा तोंडाची मोकळी. आज सांगितलं तर उद्या सकाळपर्यंत सगळ्या शिबिरात होईल आणि सावज निसटेल. कोकिळानं कप विसळून ठेवला आणि म्हणाली, "झोप आता. उद्या लवकर उठायचं हाये."

दुसऱ्या दिवशी सभागृहात दीडशे शिक्षक होते. शिबिराचे संचालक शेषराव खोंड सर, पोटानं मोठे आणि मनानंही. खरवंडीकर आता थोडे जाड झाले होते, बाकी तसेच. पुढच्या रांगेतून जाताना त्यांची नजर कोकिळावर पडली. ते थबकले. "चोपडे ना? शाळेत शिकवता वाटतं? छान, छान. झेपेल असं काम करावं माणसानं."

"हो सर," ती म्हणाली.

व्याख्यान उत्तम झालं, हे तिनंही मनात कबूल केलं. मग त्यांनी मखमली डबीतून ती चकती काढली. "ही पहिली चकती. हिची भुकटी मी स्वतःच्या हातानं खलली, स्वतःच्या हातानं दाबली." चांदीच्या दोन पत्र्यांत चकती बसवली, बॅटरी जोडली. मीटरचा काटा वीस मिलिअँपिअरवर जाऊन थांबला. टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या संपेपर्यंत कोकिळा थांबली, मग उभी राहिली.

"सर, शिक्षकांना पाहायला मिळावं म्हणून एक विनंती. चांदीचे आयन चालतात हे तराजूवर दाखवाल का? पत्रे आत्ता तोलायचे, जेवण होईतो दोन तास वीज चालू ठेवायची आणि मग पुन्हा तोलायचे."

"वेळ कुठे आहे?" खरवंडीकर म्हणाले.

"अहो वेळच वेळ आहे!" खोंड सर खूश होऊन उठले. "होऊन जाऊ द्या साहेब! तराजू मी धरतो."

"किती फरक पडेल, सर?" कोकिळानं विचारलं. "फळ्यावर मांडून दाखवता का?"

दीडशे माणसांसमोर नाही म्हणणं जड होतं. खरवंडीकरांनी खडू घेतला. वीस मिलिअँपिअर, दोन तास. वळणदार अक्षरात त्यांनी उत्तर लिहिलं: एकशे एकसष्ट मिलिग्रॅम. डाव्या पत्र्यात घट, उजव्यात वाढ. आकड्याखाली दोन रेघा मारल्या. खोंड सरांनी पत्रे तोलून वजनं शेजारी लिहिली.

जेवणाला वांग्याची भाजी आणि भाकरी होती. कोकिळाला घास उतरला नाही. खरवंडीकर दोनदा सभागृहाच्या दाराशी जाऊन आले, पण आत काही शिक्षक मीटरपाशी कौतुकानं बसलेले होते.

दोन तासांनी खोंड सरांनी पत्रे काढले, फुंकर घालून पुसले आणि तोलले. त्यांच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा तोलले. चिखलीच्या एका शिक्षकाला बोलावून त्याच्याकडून तोलून घेतले. मग फळ्याकडे बघत अवघडून म्हणाले, "साहेब, फरक नाही. दोन्हींत एक मिलिग्रॅमचासुद्धा नाही."

"तराजू खराब असेल."

"तराजू मी काल तपासला, सर," कोकिळा म्हणाली. "दुसरं कारण असू शकते. आत चांदीचा केस वाढला असेल तर वीज त्यातूनच जाईल आणि आयन जागचे हलणार नाहीत. चकती मोडून पाहू."

"हात लावू नका!" ते ओरडले. चकती त्यांनी मुठीत धरली होती. सभागृहात मागच्या रांगेतले लोक उभे राहून बघायला लागले. खरवंडीकरांच्या मानेवरून घाम ओघळला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हे पहा, ही चकती मी केलेली नाही. एका विद्यार्थिनीनं केली होती. निष्काळजी मुलगी होती. रीडिंगसुद्धा तिचीच आहेत. मला दोष देऊन उपयोग नाही."

"कोणती विद्यार्थिनी, सर?" कोकिळाचा बारीक आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "लेखावर तर एकच नाव आहे. सकाळी तुम्हीच म्हणालात, स्वतःच्या हातानं खलली. मग रीडिंग तिचं असेल तर लेख तुमचा कसा? आणि लेख तुमचा असेल तर चूक तिची कशी?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. आणि मग कोकिळा तिच्या घरच्या भाषेत बोलली, मुद्दाम, हळू, एकेक शब्द वेगळा करत. "ते पोरगी मीच होती. चूकही माहीच होती, मी कबूल करते. चार दिवस बॅटरी लावून तापानं पडली होती मी. पन माह्या चुकीवर तुम्ही पाच वर्ष मिरवले. मले आता तरी ओळखलं का, सर?"

खरवंडीकर त्याच दुपारी जीपनं मलकापूर स्टेशनला गेले. डबी मात्र विसरले नाहीत.

कोकिळाला कडकडून भूक लागली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं थंड झालेल्या तीन भाकऱ्या मागून घेतल्या आणि पाटावर बसून सगळ्या खाल्ल्या. पाच वर्षांत जेवण इतकं गोड लागलं नव्हतं. त्यांचा घामेजलेला चेहरा, मिटलेली मूठ, तिनं ते पुन्हा पुन्हा आठवलं, आणि प्रत्येक वेळी तिला तितकंच बरं वाटलं. दया आली नाही. पुढेही कधी आली नाही.

खोलीत गेली तर ताहेरा खाटेवर बसून होती.

"ताई, तो केस तुम्हाले आधीच माहीत होता?"

"होता."

"कधीपासून?"

कोकिळाला खोटं बोलता आलं असतं. "सदुसष्टच्या दिवाळीपासून."

ताहेरानं बोटावर काही मोजलं नाही, मोजायची गरज नव्हती. "मी अडुसष्टच्या जुलैत सुरू केलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही तेव्हा एक पत्र छापलं असतं तर सरांनी मले तो विषयच दिला नसता. अडीच वर्ष मी रोज रडत होती, ताई. माझ्या अब्बांनी लोकांचं ऐकून घेतलं. आणि काल चहा पिताना मी तुम्हाले हे सांगितलं, तरी तुम्ही बोलल्या नाही."

"त्याले सापळ्यात धरायचं होतं."

"धरलं न. मुबारक." ताहेरा उठली. तिनं आपली वळकटी उचलली. "त्यानं तुमचं नाव खाल्लं. तुम्ही माझी वर्ष खाल्ली. तुम्हाले तर मी ठाऊकही नव्हती." आणि ती दुसऱ्या खोलीत निघून गेली. शिबिराचे उरलेले दिवस ती कोकिळाशी बोलली नाही.

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. दीडशे शिक्षक आपापल्या गावी गेले, खोंड सरांनी संस्थेला सविस्तर पत्र लिहिलं, चौकशी बसली. त्या दिवाळीआधी खरवंडीकरांचं विभागप्रमुखपद गेलं. कोकिळानं ती बातमी शकूरभाईंना वाचून दाखवली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "झालं समाधान?" ती म्हणाली, "हाव." आणि ते खरं होतं.

पण समाधानाच्या शेजारी दुसरं काही येऊन बसलं होतं आणि ते उठत नव्हतं. नियतकालिकाच्या संपादकांनी तिच्याकडून खुलासा मागवला होता. तिनं तो लिहिला. चूक कशी झाली, केस कसा सापडला, पत्रे कसे तोलले. एक प्रत तिनं शेगावला पाठवली. सोबत दोन ओळी होत्या: तुझे अडीच वर्षांचे आकडे यात घालू दे. तुझी शंभर रीडिंग बरोबर होती, हे छापून येऊ दे.

तीन आठवडे उत्तर आलं नाही. मग पोस्टकार्ड आलं. ताहेराचं अक्षर टोकदार होतं. "आकडे पाठवते. एका अटीवर. केस कधी सापडला ती तारीख लिहा. तुमच्या खुलाशात ती नाही."

कोकिळानं आपला मसुदा काढून वाचला. खरंच नव्हती. बाकी सगळं होतं, चकतीची जाडी, बॅटरीचा दाब, तराजूची अचूकता. तारीख तिच्या हातून सुटली होती, की तिनं सोडली होती, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. तारीख लिहिली की वाचणारा प्रत्येकजण विचारणार, मग चार वर्षं या बाई गप्प का बसल्या? खरवंडीकरही वाचतील आणि खुर्चीत मागे रेलून हसतील.

मनकर्णाबाई दळण निवडत समोर बसल्या होत्या. "काय इचार करून राह्यली व एवढा?"

"काही नाही, माय." कोकिळानं टाकाचं टोक पुसलं आणि दुसऱ्या परिच्छेदाच्या सुरुवातीला, ओळीच्या वर, जागा करून लिहिलं: नोव्हेंबर १९६७. मग पाकीट बंद करून, चपला घालून, ती पोस्टाकडे निघाली.